दुसऱ्याच्या जागी उभे राहणारे

कोल्हापुराहून पश्चिमेची वाट धरली, म्हणजे सुमारे ५५ किलोमीटरवर सह्याद्रीची धार येते आणि त्या धारेला लागून गगनबावडा बसलेला दिसतो. पुढे रस्ता दुभागतो. एक फाटा करूळ घाटाने आणि दुसरा भुईबावडा घाटाने कोकणात उतरतो. डोक्यावर गगनगड उभा. हा गड शिलाहार भोजाने बांधला असे सांगतात. पाहुणे येतात ते गडावर जातात, गगनगिरी महाराजांच्या आश्रमात माथा टेकतात, धुक्यात चार घटका उभे राहतात आणि उतरून जातात. पंत अमात्यांचे बावडे ही या गावाची जुनी ओळख मात्र आता थोड्यांच्याच ध्यानात असते. आज आम्हांस बोलावयाचे आहे ते चित्रपटाच्या धंद्यातील एका अगदी लहान माणसाविषयी. पण त्याच्याकडे जाण्याची वाट आम्हांस या बावड्यावरूनच दिसली, म्हणून आरंभ येथून.

रामचंद्र नीळकंठ हे शिवछत्रपतींच्या अष्टप्रधानांतील अमात्य. १६८९ च्या मार्चमध्ये संभाजीमहाराजांची हत्या झाली, रायगडास वेढा पडला, राजाराममहाराज तेथून निसटून पन्हाळ्यास आले आणि त्याच वर्षी दक्षिणेत जिंजीस गेले. राजा शेकडो कोस दूर आणि मुलखात औरंगजेब जातीने उतरलेला. अशा वेळी मुलखाचा कारभार रामचंद्रपंतांवर सोपविला गेला आणि त्यांस 'हुकुमतपनाह' हा किताब मिळाला. फौजेस हुकूम, गडांस रसद, वतनदारांस अभय, हे सारे राजाच्या नावे आणि राजाच्या जागी बसून त्यांनी केले. १६९८ मध्ये राजाराममहाराज परत आले तेव्हा राज्य शिल्लक होते, आणि जागा ज्याची त्यास परत मिळाली. तिकडे जिंजीस तर याच कामासाठी एक नवे पदच निर्माण झाले होते. त्याचे नाव 'प्रतिनिधी'. प्रल्हाद निराजी हे पहिले प्रतिनिधी. पुढे ते पद परशुराम त्रिंबकांकडे आले आणि त्यांच्या घराण्यात औंधास राहिले. बावड्याची जहागीर अमात्यांच्या घराण्याकडे राहिली. सारांश, दुसऱ्याच्या जागी उभे राहणे हे आमच्या या मुलखात एके काळी मोठ्या मानाचे काम होते; त्यास किताब होता, जहागीर होती, शिक्का होता.

चित्रपटाच्या सेटवर हेच काम करणाऱ्या माणसाला यांतले काहीच नाही. त्याला धड नावही नाही. इंग्रजी मुलखात त्याला 'स्टँड-इन' म्हणतात. आपल्याकडे कोणी 'डमी' म्हणतो, कोणी 'डुप्लिकेट' म्हणतो, आणि बहुतेक वेळा 'ए, तू जरा उभा राहा तिथं' एवढ्यावरच भागते.

त्याचे काम काय, हे नीट कळण्यासाठी आपण एक कल्पना करू. समजा, उद्या कोणी रामचंद्रपंतांवर चित्रपट काढला आणि गगनगडाच्या पायथ्याशी चित्रण ठरले. प्रसंग असा की, जिंजीहून आलेला जासूद थैली देतो, पंत ती उघडतात, वाचतात, आणि दोन पावले चालून दरीच्या कडेला येतात. पडद्यावर हे सारे फार तर अर्ध्या मिनिटाचे. पण पहाटेपासून तेथे खटपट चालू असते. पंतांचे काम करणारा नट दूर कोठेतरी खुर्चीत बसलेला. त्याला मिशा चिकटवावयाच्या आहेत, पागोटे बसवावयाचे आहे. त्याच वेळी दरीच्या कडेला दुसराच एक माणूस उभा केलेला असतो. उंची नटाएवढी, बांधा साधारण तसा, वर्ण शक्य तो जुळता. अंगात अंगरखा असलाच तर नटाच्या अंगरख्याच्या रंगाचा. कारण पांढरे वस्त्र प्रकाश परतवते आणि गडद वस्त्र तो गिळून टाकते, आणि छायाचित्रकाराला हे आधी कळावे लागते.

हा माणूस उभा राहिला की छायाचित्रकार त्याच्याकडे पाहून दिवे लावतो. चांदीच्या कागदाचे तक्ते सूर्याकडे धरून त्याच्या गालावर उजेड पाडून पाहतात. कोणी येऊन त्याच्या हनुवटीजवळ प्रकाशमापक धरतो. कॅमेऱ्याचा साहाय्यक मोजपट्टीचे एक टोक कॅमेऱ्याशी आणि दुसरे याच्या डोळ्याशी धरून अंतर मोजतो. कारण ते हातभर चुकले तर पंतांची मिशी स्पष्ट आणि डोळे धूसर असा प्रकार व्हावयाचा. मग त्याला सांगतात, थैली घे, वाच, दोन पावले चाल, थांब. जेथे पाऊल थांबले तेथे जमिनीवर चिकटपट्टीची खूण करतात. पुन्हा मागे जा, पुन्हा ये. ट्रॉली ढकलणाराला अंदाज येईपर्यंत हे पाच-सात वेळा. एवढ्यात खालून कोकणातून धुक्याचा लोट येतो आणि केलेला सारा हिशेब पुसून जातो. मंडळी चहा प्यावयास पांगतात. याला मात्र सांगितलेले असते की जागा सोडू नकोस. धुके विरते, उन्हाची तिरीप आता दुसऱ्या बाजूने येते, दिवे पुन्हा हलतात, आणि याचे मोजमाप पुन्हा पहिल्यापासून.

शेवटी सारे जुळते. मोठ्याने हाक जाते. नट येतो, हा बाजूला होतो, नट नेमका त्या चिकटपट्टीवर पाऊल ठेवतो आणि कॅमेरा चालू होतो. त्या क्षणी याचे काम संपलेले असते. जे काही पडद्यावर दिसणार आहे त्यात याच्या नखाचाही भाग नाही.

हे काम सोपे आहे असा समज आहे. नुसते उभे तर राहावयाचे! आमचे श्रोत्यांस एवढेच सांगणे आहे की, घरी गेल्यावर वीस मिनिटे मान न हलवता, वजन या पायावरून त्या पायावर न घेता उभे राहून पाहावे. त्यातून नटाने तालमीत मान कोठे वळवली, थैली कोणत्या हातात घेतली, बोलताना पुढे किती झुकला, हे पाहून ठेवून तसेच्या तसे करावयाचे असते. नट डाव्या हाताने थैली घेणार आणि हा उजव्याने घेऊन बसला, तर सावली वेगळी पडते आणि सारा खटाटोप फुकट. अभिनय करावयाचा नाही, पण अभिनयाचा नकाशा मात्र आखून द्यावयाचा.

आता या मंडळींत जो घोटाळा होतो तो थोडा निस्तरू. जो पाठमोरा किंवा लांबून पडद्यावर दिसतो, तो नटाचा दुसरा देह. त्याला बॉडी डबल म्हणतात. जो घोड्यावरून पडतो, जिन्यावरून गडगडतो, तो स्टंटवाला. गर्दीत चालणारे ते एक्स्ट्रा, अलीकडच्या भाषेत ज्युनियर आर्टिस्ट. नाटक कंपनीत मुख्य नट आजारी पडला तर ऐन वेळी उभा राहणारा तो बदली नट. बदली हा शब्द या घाटमाथ्यावरील आणि घाटाखालील घरांना नवा नाही. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार म्हणून सकाळी फाटकाशी तिष्ठत उभी राहिलेली माणसे येथल्या पुष्कळ कुटुंबांत होऊन गेली. पण बदलीला काम मिळे ते कायमचा कामगार गैरहजर असला तर. सेटवर उभा राहणाऱ्याची तऱ्हा उलटी. नट हजर आहे, म्हणून तर याला काम!

आणि एक जात सांगावयाची राहिली, ती तोतयाची. सदाशिवरावभाऊ १७६१ साली पानिपतावर पडले. पुढे कोणी सुखनिधान नावाचा माणूस मीच भाऊ म्हणून उभा राहिला, रत्नागिरीच्या बंदीतून सुटला, कोकणातले किल्ले घेत चालला, आणि शेवटी १७७६ साली पकडला जाऊन पुण्यास देहदंड पावला. त्याच्यावर तात्यासाहेब केळकरांनी नाटक लिहिले, त्याचे नाव इतिहासाच्या प्रत्येक पुस्तकात आहे. दुसऱ्याची जागा बळकावू पाहणारा असा अमर होतो. ती प्रामाणिकपणे सोडून देणाऱ्याचे पुस्तकात काय होते, हे पाहण्यासाठी आता आपल्या चित्रपटाच्या इतिहासाकडे वळू.

आपला चित्रपट जन्मला तोच मुळी बदली माणसावर. दादासाहेब फाळके १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' काढीत होते तेव्हा तारामतीचे काम करावयास एकही स्त्री मिळेना. मुंबईच्या ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात अण्णा साळुंके नावाचा तरुण स्वयंपाक्याचे काम करी. त्याला दादासाहेबांनी तारामती केले. पुढे १९१७ सालच्या 'लंकादहना'त राम आणि सीता ही दोन्ही कामे याच साळुंक्यांनी केली. रामाचा विरह ज्या सीतेला झाला ती सीताही तोच! त्याच १९१३ मध्ये 'मोहिनी भस्मासुर'साठी दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यापुढे आल्या, आणि स्त्रीच्या जागी पुरुष उभा करण्याची निकड हळूहळू ओसरू लागली. तरी ती एकदम गेली नाही. मास्टर विठ्ठल हे पुढे मारामारीच्या चित्रपटांचे केवढे मोठे नायक झाले. ते पडद्यावर प्रथम आले ते कोल्हापुरास, १९२४ च्या 'कल्याण खजिन्या'त, नर्तकीच्या वेषात.

कोल्हापूरची गोष्ट आम्हांस थोडी विस्ताराने सांगावीशी वाटते. बाबूराव पेंटर आणि त्यांचे बंधू आनंदराव यांना चित्रपटाचे वेड लागले. १९१६ साली आनंदराव गेले. बाबूरावांनी दामल्यांसारख्या जोडीदारांच्या हातांनी कॅमेरा घडविला, तानीबाई कागलकरांनी द्रव्यसाहाय्य केले, शाहू छत्रपतींचा आश्रय लाभला, आणि १९१७-१८ च्या सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. चित्रण दिवसा, उघड्यावर, सूर्याच्या उजेडात. वर पांढरे पडदे ताणून ऊन गाळून घ्यावयाचे, तक्त्यांनी ते हवे तेथे वळवावयाचे. अशा ठिकाणी उभा राहण्याकरिता वेगळा माणूस ठेवण्याचे कारणच नव्हते. कंपनीत प्रत्येक जण सर्व काही होता. पुढे जगभर नाव झालेले शांताराम वणकुद्रे १९२० साली याच कंपनीत आले ते पडेल ते काम करावयास, आणि १९२१ च्या 'सुरेखाहरणा'त ते कृष्ण झाले. सकाळी जो सामान उचलतो तोच दुपारी देव होतो, अशा कारखान्यात नटाच्या जागी कोण उभे राहिले याची नोंद कोण ठेवणार?

याच कंपनीचा पहिला चित्रपट 'सैरंध्री'. तो १९२० साली पुण्यास आर्यन चित्रगृहात लागला, आणि लोकमान्यांनी बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरविले. त्यात भीम बाळासाहेब यादव आणि कीचक झुंजारराव पवार. कीचकवधाचे दृश्य इतके हुबेहूब उतरले की प्रेक्षकांचे डोळे फिरले आणि त्या दृश्याला कात्री लागली. झुंजाररावांचे शिर धडावर शाबूत होते यात शंका नाही, कारण पुढे १९२५ च्या 'सावकारी पाशा'त ते आहेतच! म्हणजे धडावेगळे झाले ते दुसरेच काही. बाबूराव जातीचे शिल्पकार. नटाच्या जागी पुतळा उभा करणे त्यांना अवघड नव्हते. 'डमी' या शब्दाचा एक अर्थ असा बाहुला हाही आहे. उभ्या राहणाऱ्या माणसालाही तो शब्द चिकटला, आणि चिकटला तो चिकटलाच.

उजेड सूर्याचा होता तोवर सारी मंडळी सूर्याची वाट पाहत. १९२३ च्या 'सिंहगडा'त बाबूरावांनी कृत्रिम दिवे वापरले, आणि गणित बदलण्यास आरंभ झाला. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत 'आलम आरा' लागला. पुढच्याच वर्षी, १९३२ साली, प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. प्रभात ही १ जून १९२९ रोजी कोल्हापुरास निघालेली कंपनी. शांताराम, दामले, फत्तेलाल ही महाराष्ट्र फिल्म कंपनीतून बाहेर पडलेली मंडळी तिच्यात होती. बोलपट आला म्हणजे बाहेरचा आवाज नको. आवाज नको म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली. बंद खोली म्हणजे सूर्य नाही, दिवेच दिवे. ते दिवे एकेक करून लावावयाचे, आणि लावताना त्यांच्या झोतात कोणीतरी उभे पाहिजे. फीत मंद, म्हणून प्रकाश भरमसाट. प्रकाश भरमसाट, म्हणून उष्मा असह्य. नटीच्या तोंडावरचा रंग वितळू द्यावयाचा नसेल तर तिच्या जागी तासभर दुसरे कोणीतरी भाजून निघाले पाहिजे. रंगीत फितीने तर आणखी उजेड मागितला. अमेरिकेत या कामाचा स्वतंत्र पेशाच बनला, आणि १९३७ साली 'स्टँड-इन' याच नावाचा एक चित्रपटही तेथे निघाला. आपल्याकडे पेशा बनला नाही. मोठ्या हिंदी चित्रपटांत ठरलेले डमी असतात. मराठी निर्मितीत हाताशी असेल तो साहाय्यक उभा राहतो, आणि रोजच्या रोज भाग पुरा करावयाच्या दूरदर्शन मालिकेत तर मोजमापालाच वेळ नसतो. कधी नट स्वतःच उभा राहतो, कधी सामान ठेवणारा पोरगा.

अंगावर घेणाऱ्यांचे काम याहून कठीण. येथे आम्हांस पुन्हा पन्हाळ्याकडे जावे लागते. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा पन्हाळ्यास पडला होता. जुलैच्या त्या पावसाळी रात्री महाराज विशाळगडाकडे निघाले, आणि दुसऱ्या पालखीत महाराजांसारखा दिसणारा शिवा काशीद बसला. पालखी पकडली गेली, सोंग उघडे पडले, शिवा काशीद मारला गेला. तेवढ्या वेळात महाराज पुढे निघून गेले. जातीने नाव्ही, नेबापूरचा राहणारा. त्याला किताब नव्हता, शिक्का नव्हता. पण त्याचे नाव लोकांनी टाकले नाही. पन्हाळ्याच्या पायथ्याशी त्याची समाधी आहे आणि तिच्यावर आजही फूल पडते. तेथे पालखीत जो बसला त्याला ठाऊक होते की पुढे आपणच दिसणार आहोत, आणि दिसणे हेच मरण आहे.

सेटवरच्या स्टंटवाल्याने मरावयाचे नसते. त्याने पडावयाचे, उठावयाचे, आणि पुन्हा पडावयाचे. तरी हाडे मोडतातच. १९७५ च्या 'शोले'तील बसंतीचा टांगा उधळतो ते दृश्य पाहिले नाही असा मनुष्य या सभागृहात नसेल. त्या टांग्यावर हेमामालिनींच्या जागी रेश्मा पठाण होत्या. चित्रणात टांगा उलटला आणि त्या जखमी झाल्या. पडद्यावर टाळ्या पडल्या त्या बसंतीला. रेश्मा पठाण यांच्यावर चित्रपट निघाला २०१९ साली. चव्वेचाळीस वर्षे गेली, पण निघाला, आणि एका स्त्रीचे नाव तिच्या हयातीत तिला परत मिळाले.

स्वतःच्या जागी दुसरा उभा करणे ज्यांना रुचले नाही, असेही नट झाले. १९५७ च्या 'दो आँखें बारह हाथ'मध्ये शांतारामबापू बैलाशी झुंजले ते स्वतः. डोळ्यांस इजा झाली, पुष्कळ दिवस पट्टी बांधून पडावे लागले. या चित्रपटाचे मूळ औंध संस्थानातील स्वतंत्रपूरच्या खुल्या तुरुंगाचे, म्हणजे प्रतिनिधींच्याच राज्यातले. हा योगायोग आम्हांस गमतीचा वाटतो. बापूंच्या धाडसाचे कौतुक आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण आमचे मत निराळे आहे. कसलेल्या माणसाचे काम कसलेल्या माणसाला द्यावे, त्याला पैसे द्यावेत आणि त्याचे नाव घालावे, यात नटाची मानहानी नाही. 'मी डुप्लिकेट वापरत नाही' अशी बढाई आजही वर्तमानपत्रांत छापून येते. ती वाचताना, ज्याचा रोज बुडाला त्याचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे येतो.

नाव घालण्याची गोष्ट निघाली म्हणून आवाजाचे उदाहरण देतो, कारण तेथे लढा झाला आणि जिंकलाही गेला. १९३५ च्या सुमारास नटाच्या तोंडी दुसऱ्याचे गाणे घालण्याची युक्ती रुळू लागली. म्हणजे आवाजाचे स्टँड-इन. लता मंगेशकर कोल्हापुरास मास्टर विनायकांच्या कंपनीत उमेदवारी करीत होत्या. १९४५ साली कंपनीबरोबर त्या मुंबईस गेल्या. १९४९ चा 'महल' त्यांनी गाजवला, तर त्या गाजलेल्या गाण्याच्या तबकडीवर नाव आले 'कामिनी'. ते चित्रपटातील पात्राचे नाव! गाणे कोणाचे, अशी विचारणा लोकांनीच केली, आणि पुढे तबकड्यांवर गाणाऱ्यांची नावे येऊ लागली. ऐकणाराने विचारले म्हणून हे झाले. उभ्या राहणाऱ्याविषयी विचारणार कोण, आणि कशावरून? त्याची सावलीसुद्धा फितीवर उतरत नाही.

कायद्याने या लोकांसाठी काहीच केले नाही असे मात्र नाही. संसदेने १९८१ साली चित्रपट कामगारांसाठी कायदा केला. नटापासून अंगमेहनतीच्या कामगारापर्यंत ठराविक मर्यादेतील मोबदला घेणाऱ्यांशी लेखी करार झाला पाहिजे, असे त्यात होते. तो पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला. पण दोन तासांसाठी 'जरा उभा राहा' म्हणून सांगितलेल्या माणसाचा करार कोण करतो?

जगात इतरत्र हा प्रश्न आता निराळ्याच रूपाने पेटला आहे. २०२३ साली अमेरिकेतील नटांच्या संघाने १४ जुलैपासून ११८ दिवस संप केला. मागण्या पुष्कळ होत्या, त्यांत एक अशी की, गर्दीत उभ्या राहणाऱ्या माणसाची संगणकाने एकदा प्रतिमा घेऊन ती पुढे त्याला न विचारता वापरू नये. संगणकाने उठवलेली प्रतिकृती घाम गाळत नाही, चहा मागत नाही, धुके आले तरी कुरकुरत नाही. संपानंतरच्या करारात संमती आणि मोबदला या दोन गोष्टी लिहून घेण्यात आल्या. म्हणजे माणसाच्या जागी उभा राहणारा माणूस, आणि त्याच्याही जागी आता त्याचीच प्रतिमा! जिंजीच्या दरबारात प्रतिनिधिपद निर्माण करणाऱ्यांना हे सांगितले असते तर त्यांनी आम्हांस वेड्यात काढले असते.

आता कोल्हापूरच्या मंडळींशी थोडे बोलून आम्ही थांबणार आहोत. महाराष्ट्र फिल्म कंपनीचे बहुतेक चित्रपट आज नाहीत; 'मुरलीवाला', 'सती सावित्री' यांसारखे थोडे अवशेष पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात टिकले. १९४८ साली भालजी पेंढारकरांच्या स्टुडिओस आग लावली गेली, त्यात जे गेले ते गेले. २००३ साली पुण्यात प्रभातच्या जुन्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट फिती जळाल्या. जे फितीवर होते त्याची ही अवस्था. मग जे फितीवर कधी आलेच नाही त्याचा शोध कोठे घ्यावा?

तो घ्यावा घरांत, असे आम्हांस वाटते. कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत जुन्या कंपन्यांचे समूहचित्र भिंतीवर टांगलेले एखादे तरी घर निघते. मधल्या खुर्च्यांवर बसलेले ओळखीचे असतात. दिग्दर्शक, नायक, नायिका. मागच्या ओळीत, बाकावर चढून उभे राहिलेले, कोणी टोपीत, कोणी उघड्या डोक्याने. त्यांतला उजवीकडून तिसरा कोण, हे सांगणारी म्हातारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत, आणि पुष्कळ ठिकाणी तीही राहिली नाहीत. ज्यांच्या घरी असे चित्र असेल त्यांनी ते चौकटीतून काढावे, आजोबा-आजींस विचारावे, शेजाऱ्यास विचारावे, आणि पाठीमागे नावे लिहावीत. नाव आठवत नसेल तर गाव लिहावे, पेठ लिहावी, तालीम कोणती ते लिहावे. लिहिताना मऊ पेन्सिल वापरावी आणि फार दाबून लिहू नये; शाईने लिहिले तर ती काही वर्षांनी पुढच्या बाजूस, चेहऱ्यांवर, उमटते.